अवे तिकीट मिळतं कुणाला, आणि त्या प्रवासाचा धूर किती?

ज्यांचा एपिसोड लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे अर्धवट राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित अवतार. बोललेलं जसंच्या तसं नाहीये, थोडं आवरून-सावरून घेतलंय.

विषय सुचला एका व्हॉइस नोटवरून. माझा एक मित्र, मूळचा नाशिकचा, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला शिकतोय. त्याचा आवडता क्लब कोणता ते सांगत नाही, नाहीतर अर्धे श्रोते इथेच पळतील. तर हा क्लब लीड्सला खेळायला येणार होता. मित्राच्या रूमपासून स्टेडियम वीस मिनिटांवर. खिशात पैसे होते, क्लबची मेंबरशिप होती. तिकीट मात्र मिळालं नाही. व्हॉइस नोटमध्ये तो वैतागून म्हणतो, "अरे, अवे तिकीट म्हणजे काय सातबारा आहे का, वारसाहक्काने मिळायला?"

ऐकून हसू आलं, पण मग डोक्यात किडा वळवळला. वीस मिनिटांवर राहणाऱ्याला तिकीट नाही, आणि तीनशे किलोमीटर गाडी हाकत येणाऱ्याला आहे. हे कसं ठरतं? आणि सगळे म्हणतात फुटबॉलने पर्यावरणाचं बघायला हवं, तर या सगळ्या येण्या-जाण्याचा हिशोब कुणी मांडलाय का?

आधी बेसिक. आपल्यातले बरेच जण प्रीमियर लीग फक्त स्क्रीनवर बघतात, त्यामुळे 'अवे एंड' म्हणजे नेमकं काय ते सांगतो. स्टेडियमचा एक कोपरा किंवा एका गोलमागचा भाग पाहुण्या क्लबच्या लोकांसाठी राखीव असतो. टीव्हीवर गाण्यांचा जो आवाज येतो ना, तो बऱ्याचदा याच कोपऱ्यातून येतो. प्रीमियर लीगचा नियम असा की पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं मागता येतात, आणि स्टेडियम ३०,००० पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. म्हणजे ७४,००० लोक बसतात अशा ओल्ड ट्रॅफर्डवर पाहुणे तीन हजार, आणि बोर्नमथच्या साधारण ११,३०० च्या चिमुकल्या मैदानावर कसेबसे हजार-बाराशे.

आता मोठ्या क्लबकडे सीझन तिकीटवालेच तीस-चाळीस हजार असतात. तीन हजार जागा आणि रांगेत एवढे लोक. मग निवड कशी करायची? बहुतेक क्लबांचं उत्तर एकच: निष्ठेचे पॉइंट. आधी किती अवे सामन्यांना गेलात, त्यावर तुमचा नंबर. लिव्हरपूलसारख्या क्लबात मागच्या हंगामात किती अवे सामन्यांची तिकिटं घेतलीत, त्यावर विक्रीची रांग ठरते. जे सगळीकडे गेले ते पहिले, मग खालचे, मग त्याहून खालचे. बऱ्याचदा खालपर्यंत यायच्या आतच तिकिटं संपतात.

कागदावर हे न्याय्य वाटतं, आणि माझ्या मते बऱ्याच अंशी आहेही. जो माणूस पावसात, थंडीत, हरणाऱ्या टीमच्या मागे वर्षानुवर्षं फिरला, त्याला फायनल जवळ आल्यावर बाजूला सारून कुणा नव्या पैसेवाल्याला तिकीट द्यायचं? ते कुणालाच पटणार नाही. दुसरं म्हणजे इथे पैशाने उडी मारता येत नाही. २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाला ३० पाउंडांची कमाल मर्यादा आहे. ती काही क्लबांनी दयाळूपणे दिलेली नाही. चाहत्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं 'ट्वेंटीज प्लेंटी' नावाची मोहीम चालवली होती, म्हणजे तिकीट वीस पाउंडांतच हवं. त्यात ६ फेब्रुवारी २०१६ ला अ‍ॅनफिल्डवर काय झालं, तर ७७ पाउंडांच्या तिकिटाचा निषेध म्हणून लिव्हरपूलचे हजारो चाहते बरोब्बर ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, मॅच संपली २-२! काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली, आणि पुढच्याच महिन्यात क्लबांनी ३० पाउंडांची मर्यादा मान्य केली.

पण गंमत बघा. दर कमी आणि जागा मोजक्या, म्हटल्यावर मागणी आणखी वाढते, आणि मग पॉइंट हीच खरी करन्सी होते. पॉइंट नसेल तर तिकीट नाही, तिकीट नाही म्हणून पॉइंट नाही. आपल्याकडच्या 'अनुभव असेल तरच नोकरी' सारखंच. वर्तुळ बंद. पॉइंट टिकवायचे म्हणून लोक स्वतः जाणार नसले तरी तिकीट घेतात आणि मित्राला देतात. ते रोखायला काही क्लब मैदानाबाहेर ओळखपत्र तपासतात, तर काही मोजकी तिकिटं सोडतीसाठी बाजूला काढतात, म्हणजे नव्या पोरांना निदान दार दिसावं.

या पॉइंटच्या व्यवस्थेत अंतर कुठेच येत नाही. एक सामना, एक हजेरी. २०२४-२५ च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये लंडनचे सात क्लब होते. म्हणजे आर्सेनलच्या माणसाला सहा अवे सामने मेट्रोच्या तिकिटावर! त्याच हंगामात न्यूकॅसलच्या माणसाचा सगळ्यात जवळचा अवे सामना मँचेस्टरला, सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. आणि सगळ्यात लांबचा बोर्नमथ, एका बाजूने साधारण ५६० किलोमीटर. जाऊन-येऊन अकराशेवर. मुंबईहून नागपूरला जाऊन परत यायला निघालात आणि बराच रस्ता कापलात, असं समजा. तेही नव्वद मिनिटांसाठी.

आता येऊ या धुराकडे. ब्रिटिश सरकार दरवर्षी प्रवासाच्या साधनांचे कार्बनचे आकडे काढतं. ढोबळमानाने सांगतो. साधी पेट्रोल कार एका किलोमीटरला १७० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते, आत एक माणूस असो की चार. रेल्वेत दर माणशी ३५ ग्रॅमच्या आसपास. लांब पल्ल्याची बस त्याहून कमी, माणशी २७-२८ ग्रॅम. आणि देशांतर्गत विमान माणशी अडीचशे ग्रॅमच्या घरात.

हे न्यूकॅसल-बोर्नमथला लावून बघा. एकटा माणूस कार घेऊन गेला तर जाऊन-येऊन साधारण १९० किलो. त्याच कारमध्ये चौघे बसले तर माणशी ४८ किलो. रेल्वेने ४० च्या आत. भरलेल्या बसने ३० च्या आसपास. विमानाने अंतर सरळ रेषेत थोडं कमी भरतं, तरीही दोनशेच्या वर. म्हणजे तीच मॅच, तेच गाणं, तोच पराभव, आणि फरक सहापटीहून जास्त.

इथे बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया असते, की मग अवे फॅन्सच बंद करा ना. थांबा. एका प्रीमियर लीग सामन्याला समजा साठ हजार लोक आले, त्यात पाहुणे तीन हजार. उरलेले सत्तावन्न हजार कुठून तरी येतातच, आणि त्यातले खूप जण कारने येतात. दर माणशी पाहिलं तर पाहुण्यांचा धूर जास्त, पण एकूण ढिगात मोठा वाटा यजमानांच्या गर्दीचाच असू शकतो. २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या एका संघटनेने जगभरच्या फुटबॉलचं वार्षिक उत्सर्जन ६४ ते ६६ दशलक्ष टन असल्याचा अंदाज मांडला. ऑस्ट्रियासारख्या अख्ख्या देशाएवढं! त्यात प्रेक्षकांचा प्रवास हा मोठा घटक आहे. पण 'प्रेक्षक' म्हणजे फक्त अवे एंडमधला घसा बसलेला माणूस नव्हे.

आणि मंडळी, या प्रेक्षकांत आपणही येतो. आयुष्यात एकदा अ‍ॅनफिल्ड, एकदा ओल्ड ट्रॅफर्ड, हे स्वप्न किती जणांचं आहे? माझंही आहे. मुंबई ते लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. जाऊन-येऊन इकॉनॉमीच्या एका सीटचा हिशोब टनांत जातो, उंचावरच्या धुराचा जादा परिणाम धरता की नाही यावर आकडा हलतो. न्यूकॅसलवाला बोर्नमथच्या बसने कित्येक वेळा गेला तरी कदाचित तेवढा होणार नाही. एका हंगामात लीगचे अवे सामने असतात एकोणीस. काढा हिशोब. मी काढला आणि दोन मिनिटं गप्प बसलो. जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. पण त्या माणसाकडे बोट दाखवताना आपला बोर्डिंग पास आधी खिशात लपवावा लागेल, एवढं खरं.

बरं, चाहते जाऊ द्या. खेळाडूंचं काय? बीबीसीने २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या १०० सामन्यांचा मागोवा घेतला, तेव्हा दोन महिन्यांत क्लबांची ८१ देशांतर्गत विमानोड्डाणं सापडली. एक तर फक्त २७ मिनिटांचं! त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन नाँतला विमानाने गेलं, जिथे पॅरिसहून झकास हायस्पीड रेल्वे जाते. पत्रकार परिषदेत प्रश्न आला तर कोच गाल्तिए म्हणाले की आम्ही वाळूवर चालणाऱ्या शिडाच्या गाडीने जाता येतं का ते बघतोय. शेजारी बसलेला एम्बापे खो-खो हसला. फ्रान्सभर त्यावर टीका झाली. चाहत्याने बसमध्ये पाय आखडून बसायचं आणि टीमने सत्तावीस मिनिटं उडायचं, हे लोकांच्या डोक्यात जाणारच.

तर मुद्दा असा, की चाहत्याला कारऐवजी बस किंवा रेल्वेने न्यायचं कसं? इथे दोन देशांचे अनुभव बघण्यासारखे आहेत.

पहिला जर्मनी. तिथे बुंडेसलीगाच्या बहुतेक क्लबांचं मॅचचं तिकीट हेच शहरातल्या बस-ट्रामचंही तिकीट असतं. वेगळं काही काढायचंच नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत तर तिकीटधारकांना ३६ तासांचा लोकल प्रवासाचा पास मिळाला, लांबच्या रेल्वेत सवलत मिळाली, आणि गटातले सामने जवळजवळच्या शहरांत बसवायचा प्रयत्न झाला. जर्मनीची आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे सोमवारी रात्री सामने ठेवायला सुरुवात झाली तेव्हा चाहते भडकले. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफर्ट-लाइपझिग सामन्यात मैदानावर टेनिस बॉलचा पाऊस पडला. शेवटी २०२१-२२ पासून लीगने सोमवारचे सामने काढून टाकले. लोकांनी हे पर्यावरणासाठी केलं का? अजिबात नाही. त्यांना मंगळवारी सकाळी कामावर जायचं होतं. पण सामना रेल्वे चालू असताना संपला, तरच माणूस रेल्वेने जाणार ना!

इंग्लंडमध्ये नेमकं हेच दुखणं आहे. तिथे रेल्वेचं स्वस्त तिकीट साधारण बारा आठवडे आधी काढलं तर मिळतं. टीव्हीवाले मात्र सामना कुठल्या दिवशी, किती वाजता, हे त्यानंतर बदलतात. शनिवार दुपारची मॅच सोमवार रात्रीवर गेली की काढलेलं तिकीट वाया. पुढच्या वेळी तो माणूस रेल्वेच्या नादाला लागत नाही, सरळ गाडीची चावी उचलतो. रविवारी रुळांची कामं निघतात, रात्री उशिराची गाडी नसते. मग तुम्ही स्टेडियमवर कितीही सौर पॅनेल बसवा, पार्किंगमध्ये उभ्या गाड्या त्याने कमी होत नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या विषयात सर्वांत मोठा हिरवा निर्णय टीव्हीच्या वेळापत्रकात दडलाय. आणि तो घेताना खोलीत चाहता नसतो.

दुसरा देश नेदरलँड्स. तिथे धोकादायक मानल्या जाणाऱ्या सामन्यांना 'कॉम्बी' नावाची पद्धत असते. मॅचचं तिकीट आणि क्लबच्या बसचा किंवा खास रेल्वेचा प्रवास एकत्रच घ्यायचा. बसने आलात तरच आत. वेल्समध्ये कार्डिफ-स्वान्सी डर्बीलाही वर्षानुवर्षं असंच होतं, पाहुण्यांनी ठरलेल्या बसमधूनच यायचं. कारण हाणामारी टाळणं, कार्बनचा काही संबंध नाही. पण निकाल काय? भरलेल्या बस, रिकामे पार्किंग. धुराच्या हिशोबाने एक नंबर.

चाहत्यांना हे आवडतं का? मुळीच नाही. समजा तुम्ही खोनिंगेन क्लबचे चाहते, पण नोकरीसाठी आइंडहोवनला राहता. तुमची टीम आइंडहोवनला आली, तर कॉम्बी असेल तेव्हा तुम्ही आधी उत्तरेला खोनिंगेनपर्यंत जायचं, तिथून क्लबच्या बसने परत स्वतःच्याच शहरात यायचं, मॅच बघायची, बसने परत खोनिंगेन, आणि मग घरी. माझ्या लीड्सच्या मित्रापेक्षा हा बिचारा आणखी दुर्दैवी! त्यात सगळ्यांना संभाव्य गुंड समजून कोंडून नेल्याची भावना वेगळीच.

म्हणून एका श्रोत्याने जो प्रश्न पाठवला होता, की बसने जाणाऱ्यालाच तिकिटात प्राधान्य का देऊ नये, त्यावर माझं मत दोन भागांत आहे. सक्ती नको. अवे प्रवास हा स्वातंत्र्याचा दिवस असतो, चार मित्र, मधेच थांबून खाणं, शहर बघणं. पण बक्षीस द्यायला काय हरकत आहे? क्लबच्या बसने गेलात तर एक जादा पॉइंट. आज पॉइंट फक्त हजेरी मोजतात, उद्या तुम्ही कसे आलात तेही थोडंसं मोजता येईल. अडचणी आहेत, हे मान्य. बसचं बुकिंग करून पॉइंट घ्यायचे आणि स्वतः कारने जायचं, असे महाभाग निघणारच. पण बसमध्ये चढताना तिकीट स्कॅन केलं तर निम्मा प्रश्न सुटतो. आणि लांब राहणाऱ्यांसाठी बस एकाच स्टेडियमवरून न सोडता चार ठिकाणांहून सोडावी लागेल. पैसा? २०१३ पासून तीन हंगाम प्रीमियर लीगने प्रत्येक क्लबला पाहुण्या चाहत्यांसाठी वर्षाला दोन लाख पाउंड बाजूला ठेवायला लावले होते. त्यातून काही क्लबांनी बसभाडं कमी केलंच होतं. म्हणजे हे जमतं, इच्छा हवी.

त्या मानाने वरच्या पातळीवरचे निर्णय बघितले की हसावं की रडावं कळत नाही. २०१९ ची युरोपा लीग फायनल आर्सेनल आणि चेल्सी या लंडनच्याच दोन क्लबांत होती, आणि ठेवली होती बाकूला, साधारण चार हजार किलोमीटर लांब. सुमारे ६८ हजारांच्या स्टेडियममध्ये दोघांना सहा-सहा हजार तिकिटं दिली, तीही दोघांना संपवता आली नाहीत. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगचे सामने १२५ वरून १८९ झाले. कतारच्या २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये तर दुबई, मस्कत, जेद्दाहून रोज शंभराहून जास्त शटल विमानं ठरवली होती, आणि तरी फिफा म्हणत होती की स्पर्धा कार्बन न्यूट्रल आहे. फिफाचाच अंदाज ३६ लाख टनांचा होता, त्यातला निम्म्याहून जास्त प्रवासाचा. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या आयोगाने तो दावा दिशाभूल करणारा ठरवला. २०२६ चा वर्ल्ड कप तीन देशांत, १६ शहरांत, १०४ सामने. व्हँकुव्हर ते मायामी अंतर मोजून बघा.

जाता जाता आपल्या कोल्हापूरची आठवण. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, सगळे पेठांचे-तालमींचे संघ, आणि सगळे खेळतात एकाच शाहू स्टेडियमवर. पेठेतून चालत यायचं, घसा फुटेस्तोवर ओरडायचं, चालत घरी. अवे नाहीच! ईर्ष्या मात्र कुठल्याही डर्बीला लाजवेल अशी. तुलना जरा ओढूनताणून आहे, पण खुन्नस असायला पाचशे किलोमीटर लागत नाहीत, हे तरी कळतं.

आता मित्राचं काय झालं ते सांगतो, कारण एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं. लीड्सची मॅच त्याने पबमध्ये बघितली, स्टेडियमचा आवाज खिडकीतून येत होता म्हणे. नंतर त्याला एक अवे तिकीट मिळालं. कुठलं? दक्षिण किनाऱ्यावरचं, हिवाळ्यातल्या मंगळवारी रात्रीचं, जे वरच्या पॉइंटवाल्यांना नको होतं. नव्या माणसाची सुरुवात अशाच तिकिटाने होते, सगळ्यात लांब आणि परतीची रेल्वे नसलेल्या सामन्याने. म्हणजे ज्याला पॉइंट नाहीत त्याला व्यवस्थाच गाडी काढायला लावते. त्याने क्लबच्या ग्रुपवर मेसेज टाकला, तीन अनोळखी माणसं मिळाली, चौघे एका गाडीत बसले. जाऊन-येऊन साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, माणशी ३६ किलो. पहाटे साडेतीनला रूमवर पोचला, नऊचं लेक्चर बुडवलं, टीम हरली.

मला मेसेज आला, "एक पॉइंट झाला रे."